रस्त्यावरची म्हणवून घेणारी गाडी

मी एक जुनी घरगुती गाडी आहे.

हे वाक्य खोटे आहे, मित्रांनो. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी घरगुती गाडी होते. लांबलचक, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, सायीच्या रंगाची. कारखान्यात माझ्याआधी आणि माझ्यानंतर हुबेहूब माझ्यासारख्याच गाड्या बाहेर पडल्या. ओहायोतल्या एका लहान गावातल्या व्हर्ल आणि नेडीन आम्स्टुट्झ या जोडप्याने मला विकत घेतले. तो धान्याच्या कोठारांवर वेल्डिंगची कामे करी, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मला चालवायची तीच.

मी गोड मक्याची पोती वाहिली. चर्चच्या जेवणाला जाताना बटाट्याची गरम परात मागे सांडली, तो वास दोन उन्हाळे गेला नाही. मुले आजारी पडली तेव्हा माझ्यात ओकली. एकदा एक वासरूही बसले होते, आणि खरे सांगायचे तर मुलांपेक्षा शहाण्यासारखे बसले होते. सिग्नलला थांबले की नेडीन बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरायची. तिला घाई नसायची आणि मलाही नसायची. माझे कौतुक कोणी केले नाही. जी गाडी रोज चालू होते तिचे कसले कौतुक?

मुले मोठी होऊन गेली. मी कोठीमागे ताडपत्रीखाली उभी राहिले. उंदरांनी गादी कुरतडली. चाकांतली हवा गेली. एका रविवारी व्हर्लने ताडपत्री ओढली तेव्हा मला वाटले, आता पुन्हा मका, पुन्हा परात.

तसे झाले नाही.

मी एक अतिशय वेगवान गाडी आहे.

हे वाक्य खरे आहे, आणि ते सांगताना मला मान वर करवत नाही.

पाव मैलाची सरळ धावपट्टी मी आठ-साडेआठ सेकंदांत संपवते. त्यासाठी व्हर्लने माझ्यातून काय काय काढले ते ऐका. हीटर काढला. गालिचा काढला. तळाचा जाड पत्रा काढून पातळ घातला, त्याच्या खालून धुराचा तापलेला पाइप जातो. दारांच्या काचा काढून प्लास्टिक बसवले. ते खाली-वर होत नाही. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी लहान केली. इंजिन इतके कडक बांधले की एकदा तापल्यावर बंद केले तर स्टार्टरला ते फिरवता येत नाही. आणि नेडीनची बसायची जागा काढली. तपासणीत दोन जागा दिसाव्या लागतात म्हणून पत्रा वाकवून त्यावर काळे कापड ताणले. त्यावर कधी कोणी बसले नव्हते.

आमच्याकडे जत्रेच्या आठवड्यात शर्यत होते. ती फक्त रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असते.

दिवे लागतात? लागतात.
हॉर्न? वाजतो.
मागे नंबरची पाटी? आहे.
झाली रस्त्यावरची गाडी.

मग सगळ्या गाड्यांनी सार्वजनिक रस्त्याने तीस मैल जाऊन यायचे, वाटेत बॉनेट उघडायचे नाही, बाहेरून कुणाची मदत घ्यायची नाही, आणि आल्या आल्या धावपट्टीवर तीन वेळा पळायचे. मी हे दोन वर्षे जिंकले. दोन्ही वर्षी रस्ता मोकळा होता, एकही सिग्नल नव्हता. आणि शर्यतीच्या गावापर्यंत मला दुसऱ्या गाडीमागे, चाके असलेल्या फळ्यांवर बांधून नेले होते. पेट्रोलपंपावरची माणसे विचारायची, "ही खरंच रस्त्यावर चालते?" व्हर्ल म्हणायचा, "जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान रस्त्यावरची गाडी आहे." मी तेव्हा फळ्यांवर उभी असायचे.

तिसऱ्या वर्षी नियम बदलला. शर्यतीचे फाटक ट्वायला नावाची बाई सांभाळते. सत्तरी उलटलेली, सगळा गाव तिला आत्या म्हणतो. बैठकीत ती म्हणाली, "रस्त्याने माणसं जातात. एकटा ड्रायव्हर जातो त्याला मी सफर म्हणत नाही. यंदा तीस मैल शेजारी माणूस बसवायचा. बसवलेला माणूस परत आणायचा. नाही आणला तर बाद."

व्हर्लने घरी येऊन नेडीनला विचारले.

"मीच का?"

"तू सगळ्यात हलकी आहेस."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलंस," ती म्हणाली, "तेही वजनाचं."

पण ती आली. निळा झगा घातला, पांढरे कापडी बूट घातले, सँडविच बांधून घेतली. आत बसताना तिने सवयीने समोरचा कप्पा उघडायला हात पुढे केला. तिथे कप्पा नव्हता. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला तेव्हाच कुठेतरी मातीत जावेसे वाटले.

पहिले वीस मैल बरे गेले. दोन्हीकडे मका उभा होता. आमच्यामागे ओडेल होता, व्हर्लचा जुना मित्र. त्याचा राखाडी पिकअप धावपट्टीवर माझ्या निम्म्यानेही पळत नाही. पुढच्या बाकावर त्याने सासूला बसवले होते.

मग रेल्वेचे फाटक लागले. मालगाडी रस्ता अडवून उभी होती. तिचे टोक ना इकडे दिसत होते ना तिकडे.

ओडेलने पिकअप बंद केला. बाकीच्यांनीही बंद केल्या. चालू राहिले ती एकटी मी. इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढू लागला. व्हर्ल काट्याकडे बघत होता.

"व्हर्ल, उकडतंय. काच खाली कर."

"होत नाही ती."

"माहीत आहे. तरी म्हटलं." नेडीनने पाय जरा उचलला. "खालून भाजतंय."

"गाडी हलली की वारा येतो."

"गाडी हलत नाहीये."

तो काट्याकडेच बघत होता. तिचा चेहरा लाल झाला होता. केस कपाळाला चिकटले होते. माझ्या तळाच्या पत्र्यातून धग सरळ तिच्या तळव्यांत शिरत होती. ती धग माझी होती. ज्या बाईने मला वीस वर्षे फडक्याने पुसले, तिला मी तव्यावर ठेवले होते.

"बंद कर की," ती म्हणाली.

"बंद केली तर सुरू होणार नाही. ढकलायला माणसं लागतील. बाद होऊ."

"मग हो बाद."

व्हर्लने किल्लीला हात लावला नाही.

मित्रांनो, इथे मला एक विचित्र गोष्ट सांगायची आहे. मी आयुष्यात हजार वेळा नको तिथे बंद पडले. थंडीत पडले, लग्नाला निघाल्यावर पडले, शर्यतीच्या रेषेवरही पडले. त्या दुपारी पहिल्यांदाच मला मनापासून बंद पडायचे होते. इंजिनाला म्हटले, अड. पंपाला म्हटले, थांब. आणि मी इतकी सुरेख चालत राहिले की बाजूच्या गाडीतला माणूस बाहेर येऊन माझा आवाज ऐकत उभा राहिला आणि त्याने व्हर्लला अंगठा दाखवला.

नेडीनने दार उघडले. उठायला गेली तर बूट उठेनात. रबरी तळवे वितळून पत्र्याला चिकटले होते. तिने पाय बुटांतून काढले आणि मोज्यांवरच रस्त्याकडेच्या गवतातून मागे चालत गेली.

मागून ओडेलचा आवाज आला. "ये, ये. सासूबाई, सरका जरा."

"सरकते की," सासू म्हणाली. "व्हर्लला म्हणावं, पुढच्या वर्षी पाव भाजायला ठेव आत."

नेडीन हसली. इतक्या लांबूनही मला ते ऐकू आले.

मालगाडी हलली. व्हर्लने मला पुढे काढले, शेजारची जागा रिकामी ठेवून. वारा आला, काटा खाली आला. मी लाजेने तापले होते, ते कुठल्या काट्यावर दिसत नाही.

धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर धान्याची उंच कोठारे आहेत. त्यांच्या सावलीत व्हर्लने मला उभे केले, चालूच ठेवले, आणि पिकअप आल्यावर खाली उतरला.

"नेडीन, इथून फाटक दिसतंय. एवढंच बस."

ओडेल म्हणाला, "व्हर्ल, मी काही बघितलं नाही. पण सासूबाईंनी बघितलंय, आणि त्यांचं तोंड माझ्या हातात नाही."

"माझं तोंड कुणाच्याच हातात नाही," सासू म्हणाली.

नेडीनने एकदा फाटकाकडे बघितले. मग उतरली आणि माझ्यात येऊन बसली. तिने पाय खाली टेकवले नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन, त्या कापड ताणलेल्या पत्र्यावर ती पाखरासारखी बसली. मला वाटते, ती रागावली असती तर व्हर्लला सोपे गेले असते.

फाटकावर आत्या पांढऱ्या बूटपॉलिशची बाटली घेऊन उभी होती. जी गाडी नियमात बसते तिच्या समोरच्या काचेवर ती एक मोठी खूण करते. ती वाकली.

"तुझं माणूस आहे?"

"आहे," व्हर्ल म्हणाला.

"नेडीन, कशी झाली सफर?"

"छान," नेडीन म्हणाली.

आत्याने बाटलीचा बोळा माझ्या काचेला लावला. तेव्हा व्हर्लने मान वळवली. त्या दुपारी पहिल्यांदा त्याने काट्याऐवजी शेजारी बघितले. पोटाशी घेतलेले पाय त्याला दिसले. मोज्यांना लागलेले गवत दिसले. खाली, पत्र्यावर, कुणी उभे असल्यासारखे दोन रिकामे बूट दिसले.

त्याने किल्ली फिरवली.

अशी शांतता मी फाटकावर कधी ऐकली नव्हती.

"बंद पडली?" आत्याने विचारले.

"नाही आत्या. मी केली."

"आता सुरू होईल?"

"नाही होणार." मग तो म्हणाला, "आणि ती सगळा रस्ता माझ्याबरोबर नव्हती. रेल्वेपाशी उतरली."

आत्याने फडक्याने अर्धी खूण पुसली. "मग बाजूला घे. मागे लोक खोळंबलेत."

ओडेल उतरला, आणखी दोघे आले. व्हर्ल मागे जाऊन ढकलायला लागला. स्टिअरिंग नेडीनने धरले. मला ढकलत नेताना तो धापा टाकत म्हणाला, "भाजलं का गं फार?"

"आता विचारतोस," नेडीन म्हणाली. "डावीकडे घेते, सांभाळ."

त्या वर्षी आम्हा दोघांत खूण ओडेलच्या पिकअपवर राहिली. धावपट्टीवर तो कुणापुढे टिकला नाही, पण सासूला घेऊन गेला आणि परत आणली.

त्याला आता वर्ष होत आले. व्हर्लने मला मोठी पाण्याची टाकी घातली आहे. पुढे पंखा आहे. खाली जाड पत्रा आहे, त्यावर घोंगडी आहे. इंजिन नरम केले आहे. मी पूर्वीइतकी पळणार नाही. त्याचे मला दुःख नाही, आणि अभिमान वाटावा असे मी अजून काही केलेले नाही.

आज दुपारी त्याने मला अंगणात उभे करून चालू केले आहे. नेडीन समोर खुर्ची टाकून शेंगा मोडते आहे. "तू नुसता उभा राहा," तिने त्याला सांगितले. "मी बघते किती वेळ थांबता येतं तिला." शेंगांचे पातेले अर्धे झाले आहे. आतमध्ये काटा कुठे आहे हे तिने एकदाही विचारलेले नाही. ती अधूनमधून उठते, दार उघडते, आणि घोंगडी उचलून हाताच्या तळव्याने तळाचा पत्रा चाचपून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल. ती किती पळते हे सगळे विचारतील, तुम्हीही विचाराल. पण तिच्यात शेजारी जो बसतो त्याच्याकडे वाटेत एकदा बघत जा. आम्हाला दिसले तरी आपणहून थांबता येत नाही. बघायचे काम तुमचेच आहे.

नेडीनने आत्ताच पुन्हा पत्र्यावर हात ठेवला आहे. अजून काढलेला नाही.