मागाच्या खड्ड्यातला रातकिडा

अनसूयाकाकूच्या घरातून भरदुपारी रातकिड्याचा आवाज यायचा. वैशाखात आंधळगावातली आमची विणकरांची आळी डोळे मिटून पडलेली असते, कडुनिंबाचं पानही हलत नाही, आणि त्या निःशब्द उन्हात तो एकसुरी, चिवट स्वर मधली भिंत ओलांडून माझ्या ओसरीपर्यंत यायचा. हातातलं काम थांबवून मी ऐकत बसायची.

काकूच्या मधल्या खोलीत मागाचा खड्डा होता. काका त्यात पाय सोडून दिवसभर कोशाचं रेशमी कापड विणत. माग चालू असेतो किडा मुका. धोटा थांबला, काका उठले, की त्या गार काळोखातून तो बोलू लागे. काकांना हाक मारायची सवय नव्हती, माणूसच अबोल. किडा बोलला की चुलीपाशी बसलेली काकू ताट वाढायला घ्यायची. एवढ्यावर त्यांचा संसार चालला, आणि गोडीनं चालला. आळीतल्या बाया चिडवायच्या, "तुह्या नवऱ्यापेक्षा किडाच जास्त बोलते वं!" काकू पदर तोंडाला लावून हसायची.

काका गेले. नागपूरला नोकरी करणाऱ्या हेमराजनं, त्यांच्या मुलानं, माग सोडवून माळ्यावर ठेवला. खड्डा तेवढा राहिला. आता किड्याला गप्प करणारं कोणी नव्हतं, म्हणून तो वेळीअवेळी बोलायचा, आणि बोलला की काकूचे ते पिवळसर, कोशाच्या धाग्यासारखे बारीक झालेले हात आपोआप भांड्यांकडे जायचे. ती ताट काढायची, क्षणभर थांबायची, परत ठेवायची. ठेवल्याचा आवाज मला इकडे ऐकू यायचा.

परवा हेमराज आला. खड्डा बुजवून वर फरशी बसवायची म्हणून दारात मुरूम ओतला. माझं डोकंच फिरलं. काकांची एवढी एकच खूण, तीही याला नको? तरातरा गेले.

"काकू, राहू दे ना तो खड्डा. बुजवू कायले देतेस?"

तिनं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "मीच बलावलं त्याले," ती म्हणाली. "कितींदा उठू पोरी? जेवाले तं कोणी येत नाही."

मी माझ्या ओसरीवर परत आले. संध्याकाळपर्यंत खड्डा भरला.

हेमराज परत गेल्यावर आज तिच्याकडे डोकावले. उन्हं केव्हाच कलली होती, तरी चूल थंडगार होती. नव्या, गुळगुळीत फरशीवर काकू हात मांडीत घेऊन बसली होती.

"जेवली का काकू?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "अजून जेवाची वेळ कुठं झाली वं?"

मी तिच्याजवळ टेकले. गेलेल्या माणसाची हाक बुजवून टाकता येते एखादे वेळी. पण मग दुपार सरली, संध्याकाळ झाली, एवढं सांगायलाही घरात कोणी उरत नाही.