चहाबरोबरची गोळी

“खरं सांग करुणा, लोहाच्या गोळ्या फेकून दिल्यास ना?”

दवाखान्यात प्रमोदिनी सिस्टर तपासणीचा कागद धरून विचारत होत्या. करुणाला आठवा महिना होता आणि अंगात रक्त साडेसहा. दोन महिन्यांपूर्वी ते आठ होतं.

करुणा बोलायच्या आधीच तिची आई गोजरबाई पुढे सरसावली. “फेकील कशी? म्या सोताच्या हातानं देते. एक दिस चुकला नाय.” तिने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली. पडेगावात चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई, पण लेकीच्या गोळीची वेळ साधायला तिला घड्याळही लागत नसे.

“कशाबरोबर देता?”

“चहासंगं. चांगला काळा उकळून.”

हे तिने कौतुकानं सांगितलं. दुष्काळाचं वर्ष, नवी वस्ती, पाण्याचा टँकर आठवड्यानं यायचा. ड्रमच्या तळच्या पाण्यानं गोळी घेतली की करुणा ओकून टाकायची. चहाबरोबर ती पोटात राहू लागली, तेव्हा गोजरबाईला गड जिंकल्यासारखं झालं होतं.

सिस्टरांचा आवाज उतरला. “मावशी, रक्त कमी झालं की आतडं आपणहून जास्त लोह ओढून घेतं. हिचंही घेत असणार. पण चहा ते मधेच धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत द्यायची होती.”

“म्हंजी दोन महिने...”

“फार थोडं अंगी लागलं.”

सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वैऱ्यानं केलं असतं तर गोजरबाईला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. इथं आपणच, मायेनं, वेळेवर, लेकीला वाळवत होतो. “मला कुनी सांगितलं कसं नाय?” ती पुटपुटली. सिस्टरांनी टेबलावरची रिकामी पाकिटं गोळा केली.

“माय, सकाळपासून पोटात दुखायलंय,” करुणा हळूच म्हणाली.

कळा सुरू झाल्या आणि तासाभरात तिला बाळंतपणाच्या खोलीत नेलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागणार होत्या आणि रक्तपेढी बदल्यात रक्त मागत होती. जावई बुद्धभूषण चिकलठाण्याच्या कंपनीतून पळत आला आणि एक पिशवी देऊन बसला. दुसरीला माणूस मिळेना.

गोजरबाईनं बाही वर सारली. “माझं घ्या. लागंल तेवढं घ्या. लेकीचं म्याच आटवलं.”

रक्तपेढीतल्या मुलीनं तिचं बोट टोचलं आणि थेंब नळीतल्या निळ्या पाण्यात सोडला. भरल्या रक्ताचा थेंब खाली जातो. हा वरच राहिला. मुलीनं दुसरा सोडला, तोही बुडेना.

“मावशी, तुमचं नाही घेता येणार. तुमच्यातच नाही.”

“असं कसं? म्या तर दिसभर उभ्यानं कामं करते.”

“तुम्हालाच रक्त लावायची पाळी आहे. उठा आता.”

गोजरबाई उठली नाही. उघडा हात टेबलावर तसाच लांब ठेवून ती बसून राहिली.