डाव्या बोल्टची बंदूक

मुकाशने बंदूक घ्यायचं ठरवलं तेव्हा तो सदुसष्टचा झाला होता आणि त्याच्या गुडघ्यांनी डोंगर चढायला साफ नकार दिला होता. या वयात माणसं एखादी गाय घेतात, छपराचा पत्रा बदलतात, नाहीतर मशिदीत जाऊन बसायला लागतात. यानं मात्र बंदूक काढली.

त्याला कारण होतं. तीस वर्षं त्याने सरकारी शेतासाठी रानबोकड मारले होते, तेही सरकारी बंदुकीने. शेत मोडीत निघालं तेव्हा एक कारकून आला, सही घेतली आणि बंदूक काखोटीला मारून चालता झाला. नारीन नदीच्या खोऱ्यात मुकाशसारखा नेमबाज नाही असं लोक अजून म्हणत, आणि त्या नेमबाजाच्या घरात मुलाला द्यायला साधी नळीसुद्धा नव्हती. हे त्याला फार डाचायचं. मेल्यावर घरात काहीतरी उरावं, ते मुलाने वापरावं, मुलाच्या मुलाने वापरावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मुलगा एकच, एरमेक. उतारवयात झालेला, आता चोवीस वर्षांचा. त्याची आई अनारकान जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बाप आणि लेक, आणि दोघंही मितभाषी.

एरमेक डावखुरा होता. लहानपणी मुकाशने त्याचा डावा हात ताटावरून किती वेळा झटकला असेल, किती वेळा त्यावर चमच्याने मारलं असेल, याला गणती नाही. जेवायला उजवा, सलामाला उजवा. पोरगा मुकाट शिकला. पण बंदूक धरताना मात्र हात ऐकेना. डाव्या खांद्याला लावायची, आणि गोळी झाडली की पुढची गोळी भरायचा बोल्ट उजव्या बाजूला, तो ओढायला बंदुकीवरून हात पलीकडे न्यायचा. तोवर बोकड दुसऱ्या कड्यावर. मुकाश तेव्हा हसायचा. आता म्हातारपणी त्याला त्या हसण्याची आणि त्या चमच्याची लाज वाटायला लागली होती. म्हणून घ्यायची तर डाव्या बोल्टचीच, हे त्याने मनाशी पक्कं केलं. पोराला तसं तोंडाने सांगणं त्याला जमलं नसतं.

वसंतात दोन घोड्या विकून बापलेक राजधानीला गेले. दुकानदार तरुण होता, गळ्यात चांदीची साखळी. त्याने काळ्या दस्त्याची एक बंदूक पुढे केली.

"आजोबा, ही घ्या. प्लास्टिकचा दस्ता. बर्फात फुगत नाही, उन्हात तडकत नाही."

"नातवाला प्लास्टिक देऊ? त्यापेक्षा बादली देईन. निदान पाणी तरी भरेल."

दुकानदार हसला आणि अक्रोडाच्या दस्त्याच्या तीन काढून ठेवल्या. मुकाशने त्या खिडकीशी नेल्या. जिथे मूठ धरतात तिथे दस्ता बारीक होतो, आणि घोड्यावरून पडली की बंदूक तिथेच मोडते. लाकडाच्या रेषा तिथून सरळ गेल्या पाहिजेत. एकीच्या रेषा सुंदर होत्या, वळणावळणाच्या. ती त्याने सगळ्यांत आधी बाजूला ठेवली.

"अहो, हीच सगळ्यांत महाग आहे."

"नवरीमुलगी बघायला नाही आलो. काडतूस कुठलं लागतं?"

दुकानदाराने आकडा सांगितला.

"हे आमच्या तालुक्याला मिळतं?"

"इथे मिळेल की, मागवून."

"मग नको. नातवाला एका गोळीसाठी दोन दिवसांचा प्रवास करायला लावू? गावच्या दुकानात मिठाशेजारी मिळतं ते काडतूस सांग."

मग दुर्बीण नसली तरी चालेल, पण नळीच्या टोकाला नेम धरायची माशी हवीच, कारण काच आज ना उद्या फुटते. वजन इतकंच हवं की तीन दिवस खांद्यावर असली तरी शिव्या येऊ नयेत. शेवटी मुकाश म्हणाला, "आणि बोल्ट डाव्या बाजूला." दुकानदाराने डोक्याला हात लावला. तशी बंदूक परदेशातून मागवावी लागणार होती, पाच महिने लागणार होते.

एरमेक सगळा वेळ दाराशी मोबाईल घेऊन उभा होता. मुकाशने त्याला बोलावलं, दोन दस्ते दाखवले.

"कुठला?"

"तुम्ही म्हणाल तो, बाबा."

हो म्हणणारा मुलगा म्हणजे शहाणा मुलगा, असं मुकाश आयुष्यभर समजत आला होता. असे बाप जगात पुष्कळ आहेत. त्याने साधा, सरळ रेषांचा दस्ता निवडला, परवाना एरमेकच्या नावावर करायला सांगितला, आणि परतीच्या वाटेवर गाडीत चक्क गुणगुणला.

बंदूक शरद ऋतूत आली. मुकाशने ती लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून अनारकानच्या पेटीत, तिच्या शालींखाली ठेवली. ती पेटी सहा वर्षांत कुणी उघडली नव्हती. शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या दिवशी, शुक्रवारी, चार माणसांसमोर ती एरमेकच्या हाती द्यायची असं ठरलं. तोवर दोघांनी कुणाला सांगायचं नाही. अगदी शेजारच्या कुलाइमलाही नाही, कारण कुलाइमला सांगणं आणि पारावर सांगणं सारखंच.

आणि लपवण्याचं खरं कारण म्हणजे भाचा.

आमच्याकडे बहिणीच्या मुलाने मामाच्या घरात येऊन बोट दाखवावं आणि ती वस्तू घेऊन जावी. मामाने नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर भाच्याची हाय लागते, हात थरथरायला लागतात, असं म्हणतात. आणि हाय लागली नाही तरी गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून म्हण पडली आहे, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे. मुकाशचा भाचा जोल्चू राजधानीत मालट्रकांच्या एका मालकाकडे कामाला होता, आणि त्याची नजर चांगल्या वस्तूवर बरोबर पडायची.

जोल्चू गुरुवारी आला. गाडी फाटकात शिरताना बघून कुलाइम कुंपणावरून ओरडली, "भावजी, भाचा आलाय. तांबडा घोडा आमच्या गोठ्यात बांधू का?"

"बांध. खोगीर पण ने," मुकाश म्हणाला. तो हसत होता, कारण पेटीची त्याला काळजी नव्हती.

मेंढा कापला. कुलाइमने मटण शिजवलं, तिचा नवरा जेवायला आला. जोल्चूला दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसवलं. जोल्चू मनापासून जेवला, मामाच्या तब्येतीची चौकशी केली, मामीची आठवण काढून डोळेही टिपले. मग हात पुसून म्हणाला,

"मामा, मी या घरातून कधी काही मागितलं नाही."

"एक शिंगरू, एक चाबूक आणि चहाचा पितळी समोवार," कुलाइम म्हणाली. "ते काय वाऱ्याने उडून गेले?"

"काकू, ते लहानपणी. आज मोठा होऊन मागतोय."

"माग," मुकाश म्हणाला. तांबड्या घोड्याला त्याने मनातल्या मनात निरोप दिला होता.

"मामींच्या पेटीत आहे ती."

मुकाशला आधी वाटलं, शाल मागतोय. मेलेल्या मामीची शाल मागणं विचित्र होतं, पण त्याला तेच वाटून घ्यायचं होतं. "कुठली ती?" त्याने विचारलं.

"बंदूक, मामा. डाव्या बोल्टची."

कुलाइमच्या नवऱ्याने चघळणं थांबवलं. मुकाशने एरमेककडे पाहिलं. एरमेक चहा ओतत होता. त्याने जोल्चूचा पेला काठोकाठ भरला होता. पाहुण्याला भरलेला पेला देणं म्हणजे उठा म्हणणं, आणि हे न कळण्याइतका तो लहान नव्हता. पण त्याचं पेल्याकडे लक्षच नव्हतं.

"तू तर उजवा," मुकाश जोल्चूला म्हणाला.

"सवय होईल."

"आणि परवान्याचं काय? तो एरमेकच्या नावावर आहे."

"त्याची नका काळजी करू, कागद झालेत—" जोल्चू म्हणाला, आणि मग त्याने घाईघाईने तो भरलेला पेला उचलला आणि तोंड पोळून घेतलं.

कागद झाले होते. म्हणजे एरमेकची सही झाली होती. आजची नव्हे, कधीचीच. भाच्याने मामाला मामा बनवलं असतं तर मुकाशने गावभर सांगून हसून घेतलं असतं. पण इथे बनवणारा दुसराच होता. पेटी त्याने दाखवली होती. आईची पेटी, तिच्या शालींखालची जागा, सगळं. मुकाशच्या छातीत काहीतरी जड होऊन बसलं आणि ते पुढे कधी उतरलं नाही.

तो उठला. गुडघ्यांना वेळ लागला. पेटी उघडली, शाली एकेक करून बाजूला ठेवल्या, नमद्यातून बंदूक काढली आणि जोल्चूसमोर बसला.

"नीट ऐक," तो म्हणाला. "बर्फातून आलास की लगेच उबेत आणू नकोस, नळीला आतून घाम येतो. दस्त्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल. माद्यांवर झाडायची नाही. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाला भेट द्यायची नाही."

"मामा, एवढं सगळं कशाला—"

"हात पुढे कर. दुवा देतो."

दुवा म्हटल्यावर सगळ्यांनी तळवे उघडले. एरमेकनेही उघडले, न उघडून चालणार नव्हतं. मुकाशने ही दुवा पाच महिने जुळवली होती, गोठ्यात, रस्त्याने, नमाजानंतर. एका नावाची जागा सोडून त्यातला शब्दही त्याने बदलला नाही.

"जोल्चू, ही बंदूक तुझ्या हाती जड होऊ नये. तुझा नेम चुकला तर जनावर जखमी न होता सुटावं. तुझ्या मुलाने ही तुझ्या हातून घ्यावी, त्याच्या मुलाने त्याच्या हातून. माझ्यानंतर या घराचा चुलाणा तू पेटता ठेव. तू मला म्हातारपणी मिळालास, मी अल्लाकडे आणखी काही मागितलं नाही. आमीन."

"आमीन," कुलाइम रडत म्हणाली. शेवटची वाक्यं भाच्यासाठी नव्हती हे तिला कळलं होतं. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले.

सकाळी जोल्चू गाडीशी घुटमळत होता. बंदूक मागच्या सीटवर होती.

"मामा, खरं सांगू? माझा मालक डावखुरा आहे. शिकारीचा नाद आहे त्याला. त्याला देणार होतो. आता ही दुवा..."

"परत घेऊ?"

"तसं नाही..."

"थुंकलेलं कुणी गिळत नाही, जोल्चू. तुझी आहे. मुलाला दे."

जोल्चू तोंड पाडून स्टिअरिंगमागे बसला. एरमेक घरातून रिकाम्या हातांनी बाहेर आला. त्याची पिशवी आधीच गाडीत होती, हे मुकाशला काच खाली होती म्हणून दिसलं.

"या बंदुकीच्या बदल्यात मालक मला रशियाच्या फेऱ्यांवर घेणार होता," एरमेक जमिनीकडे बघत म्हणाला. "आता घेईल की नाही माहीत नाही. तरी जातो."

"तुला जायचं होतं तर सांगायचंस."

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही, बाबा."

"दुकानात मी तुला विचारलं होतं."

"कुठला दस्ता ते विचारलंत. बंदूक हवी का, ते नाही विचारलंत. ती बंदूक घेतली असती तर मी मरेपर्यंत इथेच राहिलो असतो. तुम्ही ती मला बांधून ठेवायलाच आणली होती."

ते थोडंफार खरं होतं, हे मुकाशला कळत होतं. पण त्यामुळे छातीतलं हलकं झालं नाही.

"तोंडावर नाही म्हणाला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या," तो म्हणाला. "आठ दिवस बोललो नसतो. मग तांबडा घोडा विकून तुला मीच गाडीत बसवून दिलं असतं. तू चोर पाठवला असतास तरी चाललं असतं, एरमेक. चोराला मी हाकललं असतं. तू भाचा पाठवलास. ज्याला मी नाही म्हणू शकत नाही तो शोधून काढलास, आणि आईची पेटी दाखवलीस."

जोल्चूने गाडी सुरू केली. लांबच्या वाटेला निघणारा माणूस बापाची दुवा घेतल्याशिवाय निघत नाही, आणि एरमेकही निघू शकला नाही. तो बापासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळवे उघडले.

मुकाशनेही उघडले. त्याने खरंच प्रयत्न केला. वाटेवर बर्फ नसो, चांगली माणसं भेटोत, असले साधे शब्द कुणालाही येतात, आजवर त्याने ते शेकडो जणांना दिले होते. तोंड उघडलं की कालचीच वाक्यं ओठांवर यायची, आणि ती आता दुसऱ्याची होती. एरमेक थांबला. गाडीचा आवाज चालू होता. कुलाइम कुंपणापाशी येऊन उभी राहिली, तिने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

बराच वेळ गेल्यावर एरमेक स्वतःच हळू आवाजात "आमीन" म्हणाला, तळवे तोंडावरून फिरवले आणि गाडीत जाऊन बसला. मुकाशच्या तोंडून तोवर एक शब्दही निघाला नव्हता.