येळवशीचं आवताण

आमची वसाहत कागदावर फार सुंदर होती. वर्तमानपत्रातून आलेल्या पत्रकात नारळाची झाडं होती, कारंजं होतं आणि 'सोलापूर फक्त दहा मिनिटांवर' असं लाल अक्षरांत छापलं होतं. विमानाने, हे छापायचं राहून गेलं असावं. आमचे हे, म्हणजे महेश्वर, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. पत्रक बघून ते असे काही पाघळले, की प्लॉट घेऊन वर्षात दोन खोल्या बांधल्यासुद्धा.

एका ओळीत चाळीस प्लॉट. आमचा पंचविसावा. बाकीच्या एकोणचाळीस शहाण्यांनी कागद कपाटात ठेवले आणि भाव वाढायची वाट बघत बसले. तीन वर्षं झाली, घर एकच. बाकी वेड्या बाभळी.

यंदा दिवाळीत फराळाचं ताट भरलं आणि लक्षात आलं, द्यायचं कुणाला? मी ढसाढसा रडले. हे घाबरले. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. कुणी न्हाय आलं तर परत गावात भाड्यानं ऱ्हाऊ." मला तेही नको होतं. भिंतींना मी स्वतः पाणी मारलेलं. घर सोडायचं नव्हतं, शेजार हवा होता.

मग म्हटलं, काट्यानं काटा काढू. प्लॉटवाल्यांची यादी मिळवली आणि मीच पत्रक छापलं:

'नारळ नाहीत. कारंजं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. साप निघतो, पण आपल्या वाटेनं जातो. वारा छान आहे. येत्या येळवशीला आपापल्या रानात या, जेवण माझ्याकडे. चंद्रिका. घर एकच आहे, चुकणार नाही.'

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे शेतकरी रानात पाच दगड मांडून पूजा करतो, सभोवार आंबील शिंपडतो आणि येईल त्याला जेवू घालतो. शहरातली माणसं दुसऱ्याच्या रानात जेवायला जातात. इथं बाराशे फुटांचं का होईना, ज्याचं त्याचं रान होतं.

"कुत्रंबी येणार न्हाय," हे म्हणाले. अकरा कुटुंबं आली! पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, सगळ्यांनी भरपेट खाल्लं, वाऱ्याचं कौतुक केलं आणि 'बघू पुढंमागं' म्हणत चपला शोधायला लागले. माझं तोंड उतरलं.

तेवढ्यात सतराव्या प्लॉटवर आवाज चढला, तशी मी हातातल्या पळीसकट तिकडं धावले. निवृत्त मास्तर गुरुबसप्पांनी तिथं यथासांग पूजा केली होती, आणि हातात कागद घेऊन भीमाबाई समोर उभ्या होत्या. भीमाबाई साठीच्या, आयुष्यभर नर्स. सतरा नंबर त्यांचा. गुरुबसप्पांचा चोवीस, पण त्यांनी रस्त्याकडून मोजायचं ते ओढ्याकडून मोजलं होतं.

"आंबील शिंपडली की हो बाई," गुरुबसप्पा रडकुंडीला आले. "पूजलेली जमीन सोडून कसं जायचं?"

"मी पूजा मांडत न्हाय," भीमाबाई म्हणाल्या, "पन तुमची अडचण कळती मला. तुमचा चोवीस कुटं हाय?"

चोवीस आमच्या भिंतीला लागून होता. मी पळीनंच तो दाखवला आणि सगळे तिकडं गेलो. भीमाबाईंनी बाभळी बघितल्या, टाचेनं माती उकरून बघितली.

"अदलाबदल करू. पन रीतसर कागद करायचा, नुसतं तोंडी न्हाय."

"व्हय, व्हय! उद्याच!" गुरुबसप्पांनी हात जोडले.

"आनि मी जागा अडवून ठेवायला न्हाय घेतली. उन्हाळ्यात पाया काढनार. मनाली, माझी लेक, नोकरीला माढ्यात. एकटी बाई मी, हाकेच्या टप्प्यात कुनीतरी पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी जरा सैपाकघरात जावा बरं."

मला कळेना, पण गेले. ओट्यापाशी उभी राहिले. खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"ओ चंद्रिकाबाई! वाटीभर साखर हाय का?"

तीन वर्षांत या घरात कुणी मला अशी हाक मारली नव्हती. डबा हातात घेतला आणि रडूच फुटलं.

"हाय की!" मी ओरडले. "आणते, थांबा!"