दोनदा भरलेला हप्ता

शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता चुकू नये, म्हणून शिंप्याने किराण्याचे पैसे बायकोला न सांगता भरून टाकले. घरी येऊन पाहतो तो तिचे कान भुंडे! तिनेही गुपचूप कुड्या विकून तोच हप्ता सकाळी भरला होता. दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले. दोघेही तसेच कर्जाच्या कचेरीत धावले.

“साहेब, एक हप्ता परत द्या. घरात पीठ नाही हो,” शिंपी काकुळतीने म्हणाला.

“परत नाही मिळत, काका. जादा रक्कम शेवटच्या हप्त्यात वळती होते. तीन वर्षांनी.”

“ऐकलंत?” बायको नवऱ्याला म्हणाली, “तीन वर्षांनी पोटभर जेवू.”

दोष द्यावा असा माणूसच शिंप्याला सापडेना. रांगेत मागून कोणी “सरका” म्हणाले, तेव्हा तो निमूटपणे सरकला.