दक्षिणेचा दरवाजा

मित्रांनो, आज मला दरवाजा म्हणायला तुमची जीभ धजावणार नाही. भंगारात आडवा पडलोय. एक अंग काळं, दुसऱ्या अंगावर घणाचे खड्डे. पण लातूरच्या ट्यूशन एरियात, मुलींच्या एका होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, मी मागचा दरवाजा म्हणून उभा होतो. आग लागली तर उघडायचं, एवढं एकच माझं काम. तेही मला करू दिलं नाही.

मला जलीलभाईंनी घडवलं. जाड पत्रा, भक्कम चौकट आणि मधोमध एक आडवा दांडा. दांड्यावर नुसतं अंग टाकलं की कडी सुटायची. बाहेर खाली उतरायला लोखंडी जिना. होस्टेलचे मालक शेषेराव मला बघायला आले आणि म्हणाले, "जलीलभाई, ह्याला कुलूप कुठं लावायचं?"

"कुलूपच लावायचं असंल तर भिंत बांधा की साहेब. दार कशाला करून घेऊन राहिले?"

दोघंही हसले. मलाही तेव्हा तो विनोदच वाटला.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकाचं गेलं. आईबाप पोरीला घेऊन आले की शेषेराव त्यांना माझ्यापर्यंत आणायचे, दांडा दाबून दाखवायचे. पण पुढच्या वर्षी नीटचा निकाल आपटला. आमच्या गावात निकाल लागला की प्रत्येक होस्टेलवर डॉक्टर होणाऱ्या पोरींच्या फोटोंचं फ्लेक्स चढतं. आमच्याकडं फोटोच पुरेनात. शेवटी शेषेरावांनी स्वतःचा फोटो मोठा करून जागा भरली.

मग शंकरप्पा नावाचा वास्तूवाला आला. तळहातावर होकायंत्र ठेवून तो खोल्याखोल्यांतून फिरला आणि माझ्यासमोर थबकला.

"दक्षिणेला दार! मालक, पोरी रात्रंदिवस वाचतात ते सगळं इकडून बाहेर चाललंय."

"काढून टाकू?"

"काढू नका, तपासणीला दार दिसलं पाहिजे. फक्त उघडू देऊ नका. आणि आतून देव बसवा."

दुसऱ्याच दिवशी बाहेरून माझ्यावर लोखंडी पट्टी आडवी मारून चौकटीला जोडली. जलीलभाईंना बोलावलं नाही, दुसराच कोणी आणला. आतून माझ्यापुढं लाकडी चौरंग, त्यावर संगमरवरी गणपती. आग लागली तर पोरींनी जायचं कुठून, हे त्या होकायंत्रावर नव्हतं. मित्रांनो, मला देवाचा राग नाही. त्याला माझ्यापुढं उभं करणाऱ्यांचा आहे.

आणि आईबाप? ते खूश झाले. "मागचं दार आम्ही बंदच करून टाकलंय," शेषेराव सांगायचे, "पोरगी बाहेर जाईल ती कॅमेऱ्यासमोरून." बाप मान डोलवायचे. पाणी फिल्टरचं आहे का, मेसमध्ये भाकरी मिळते का, सगळं विचारायचे. मला हात लावून बघितला नाही एकानंही.

हात लावला तो ऋतुजानं. उमरीकडची पोर, घरची शेती. फोनची रेंज माझ्यापाशीच यायची, म्हणून ती चौरंगाशेजारी बसून माझ्यावर पाठ टेकून वाचायची. एकदा उठताना तिनं दांडा धरला. कडी खट्‌ वाजली. मी जागचा हललो नाही. तिनं पुन्हा दाबला. मग तडक शेषेरावांकडं गेली.

"सर, मागचं दार उघडत नाही."

"उघडून जायचंय कुठं तुला?"

मेसमधल्या सगळ्या पोरी हसल्या. त्या दिवसापासून तिचं नावच पडलं. तिच्या खोलीतली उज्वला हाक मारायची, "ए मागचं दार, चल जेवायला."

ऋतुजानं वडिलांना फोन लावला. भागवतराव मोठ्यानं बोलत, मला सगळं ऐकू येई.

"पप्पा, इथं खाली जायला एकच जिना हाय. मीटर सगळे त्याच्याच खाली. जळका वास येतो कधी कधी. तुम्ही या, सरांना दार उघडायला सांगा. तुमचं ऐकतील."

"कशाला लागती आग? अभ्यास कर."

"पप्पा, खरंच."

"बाई, एकच दार हाय ते बरं हाय. गावात मला कोणी इचारलं तर सांगता येतं, पोरगी बंदोबस्तात हाय."

"हाव," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बराच वेळ कपाळ माझ्या पत्र्याला टेकवून उभी राहिली.

पुढं तपासणीचे साहेब आले. ऋतुजा आपल्या खोलीच्या दारात थांबली होती, तिला आशा होती. साहेबांनी माझ्यावरची 'आपत्कालीन मार्ग' अशी हिरवी पाटी वाचली, गणपती बघून बूट काढले, हात जोडले. "सर, ते ढकलून बघा ना," ती म्हणाली. शेषेरावांनी डोळे वटारले. "देव हलवायचा का आता तुझ्यासाठी?" साहेबांनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि बूट घातले.

उन्हाळ्यात भरदुपारी मीटरच्या खोलीनं पेट घेतला. एसी सगळे चालू होते. जिन्यातून धूर असा वर आला, की खाली उतरायला गेलेल्या पोरी माघारी पळाल्या. ऋतुजा सगळ्यांच्या आधी माझ्यापाशी पोचली. गणपती उचलायला लागली तशी मागून उज्वला ओरडली, "अगं, देव हाय तो." तरी तिनं तो उचलून कडेला ठेवला, चौरंग लाथाडला आणि दांड्यावर अंग टाकलं. कडी सुटली. मी माझं काम केलं, मित्रांनो. पट्टी सुटली नाही. मागून पोरींचा लोंढा आला आणि ती माझ्यावर चेंगरली. "बाहेरून बंद हाय," ती सांगत होती. ऐकणार कोण?

शेजारच्या होस्टेलची पोरं लोखंडी जिन्यानं वर आली, घणानं पट्टी तोडली. बाकीच्या जगल्या. जी सगळ्यात आधी दाराशी पोचली, ती तेवढी गेली.

दुसऱ्या दिवशी भागवतराव वर आले. उज्वला सोबत होती. ते माझ्याकडं बघत राहिले.

"हेच का ते?"

"हाव काका."

त्यांनी दांडा दाबला. कडी सुटली, मी उघडलो. त्यांनी मला लावून घेतलं, पुन्हा दाबला. पुन्हा.

"उघडतंय की," ते म्हणाले. उज्वलानं बाहेरच्या तुटक्या पट्टीकडं बोट केलं. ते तिथंच खाली बसले.

आता होस्टेल रंगवलंय, नाव बदललंय. लोखंडी जिना कापला, माझ्या जागी विटा बसल्या. प्रवेश चालू आहेत.

मित्रांनो, खोली बघायला जाल तेव्हा मागच्या दारापर्यंत जा. पुढं देव असला तर नमस्कार करा आणि कडेला ठेवा. दार ढकला, बाहेर पाय टाकून बघा. उघडलं नाही तर तिथं राहू नका, कितीही फोटो लागलेले असोत. मी सांगतोय खरं, पण तुम्ही आधी फ्लेक्सच वाचणार, हे मला ठाऊक आहे.

उद्या माझा ट्रक भट्टीवर जातोय. वितळून माझे गज होणार म्हणतात, खिडक्यांचे. मुलींच्या होस्टेलला ते लई लागतात.