पुसून दाखवा

जेवताजेवता दिराने पुन्हा तोच विषय काढला. "वहिनी, घरचे फोटो आमच्या कंपनीकडेच ठेव. फ्रिजवरचा तो जुना लॅपटॉप तुला एक दिवस तोंडघशी पाडणार."

वहिनीचं डोकं सटकलं. त्याच कंपनीने नियम बदलले आणि जाहिरातींसाठी लोकांचे फोटो चाळायला घेतले, तेव्हाच तिने फोटो साठवायचा एक मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा, प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर बसवला होता. तो कंटेनरमध्ये चालायचा, म्हणजे स्वतःपुरत्या एका बंद डब्यात. पहिल्या खेपेला तिने फोटोही त्याच डब्यात ठेवले. नवी आवृत्ती घालायला जुना डबा काढून टाकला, आणि लग्नापासूनचे सगळे फोटो त्याच्याबरोबर गेले. फोनमध्ये प्रती होत्या म्हणून निभावलं, पण दीर कित्येक दिवस येताजाता खिदळत होता.

ती ताटावरून उठली. हात धुतले, लॅपटॉप टेबलावर आणला आणि सगळ्यांदेखत कंटेनर पुसून टाकला.

"अगं, काय केलंस!" सासूबाईंचा घास हातातच राहिला. "माझ्या नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ होता त्यात!"

वहिनीने एक ओळ टाइप केली. नवा डबा उभा राहिला, आणि पडद्यावर नात डुगडुगत चालू लागली.

"फोटो, व्हिडिओ सगळं आता वेगळ्या डिस्कवर असतं, डब्यात नाही," ती म्हणाली.

"बरं बाई, जमलं तुला," दीर पुटपुटला.

"जमलं ना? मग उद्या तुझ्या साहेबांना सांग, एकदा तुम्हीही तुमचा डबा असाच सगळ्यांसमोर पुसून दाखवा म्हणावं."